फेसाची बादली

वासरू मरताना आवाज करत नाही, हे खूरवाल्या काकांना वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळलं. शुक्रवारची सकाळ होती. दर शुक्रवारी ते लेकीकडे चहाला जात, तसेच त्या दिवशीही गेले होते आणि गोठ्याच्या दाराशी उलट्या ठेवलेल्या डब्यावर कप घेऊन बसले होते. समोर अठ्ठावीस दिवसांची ठिपकी आईच्या कासेला लागली होती. ढुशा देत होती, शेपटी हलवत होती, सगळं रोजच्यासारखं. मग तिने कास सोडली, दोन पावलं मागे आली, पुढचे पाय दुमडले आणि खाली बसली. लेक हसून म्हणाली की पोट भरलं की हिचं असंच असतं. पाठीवरून हात फिरवायला ती वाकली, तेव्हा ठिपकीची मान एका बाजूला कलंडली ती परत वर आलीच नाही.

काकांच्या हातातला कप हातातच राहिला. चाळीस वर्षं जनावरांच्या पायांशी बसून काढलेला माणूस, त्याने मरण पाहिलं नव्हतं असं नाही. पण मरणालाही काही रीत असते. जनावर खाणं सोडतं, कान पाडतं, मालक धावाधाव करतो, डॉक्टर येतात, मग ते जातं. इथे यातलं काहीच झालं नव्हतं. त्यांनी वासराचं तोंड उघडून पाहिलं. जीभ स्वच्छ, गुलाबी. खुरं पाहिली. कोवळी आणि कोरडी. ओठांवरचं दूध अजून गरम होतं. लेक त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, बाप गाईगुरांतला जाणता, तो काहीतरी सांगेल म्हणून. बापाने खुरं पुन्हा एकदा पाहिली.

आता या काकांविषयी थोडं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं नीट कळायचं नाही. त्यांचं काम गाईंची खुरं कापायचं. ज्याला हे काम हलकं वाटत असेल त्याने सहाशे किलोच्या गाईचा मागचा पाय एकदा मांडीवर घेऊन बघावा, बाकीचं गाय समजावेल. बांधून उभ्या राहणाऱ्या गाईचं खूर नखासारखं वाढत जातं. वाढलं की ती वाकडी चालते, आणि वाकडी चालली की दूध आटतं. काका वाकड्या टोकाच्या सुरीने ते तासून काढत, आणि गाय खोड्यातून सुटली की कशी चालते ते बघायला दहा मिनिटं थांबत. तेवढी दहा मिनिटं त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असे, ते त्यांच्या लग्नातही नव्हतं, असं काकू सांगत.

पण त्या गल्लीतल्या सतरा गोठ्यांत काकांचं नाव होतं ते हातापेक्षा बादलीमुळे. एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जाताना सुरी, हात आणि गमबूट धुतल्याशिवाय ते दाराबाहेर पाऊल टाकत नसत. तरुणपणी जनावरांच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी त्यांना ही सवय लावली होती. डॉक्टरांचा पाठ सोपा होता: एका बादलीत धुण्याचा सोडा, दुसरीत व्हिनेगर. आधी सोड्यात, मग साध्या पाण्याने खळखळून, मग व्हिनेगरमध्ये. काका तो पाठ वर्षानुवर्षं इमानाने गिरवत आले. मोटारसायकलला दोन बाजूंना दोन आकडे होते आणि दोन आकड्यांना दोन बादल्या. दूध नेणारा टँकरवाला त्यांना टापटीपराव म्हणे. काकांना राग येई, पण आतून बरंही वाटे.

तीन वर्षांपूर्वी डावा आकडा तुटला. तो पुन्हा जोडून घ्यायला तासभर लागला असता, पण रोज उद्यावर गेलं. दरम्यान काकांनी विचार केला, दोन्ही औषधं चांगली, मग एकाच बादलीत घातली तर दुप्पट चांगली. त्यांनी सोड्याच्या पाण्यात व्हिनेगर ओतलं, आणि बादली फसफसून वर आली. पांढराशुभ्र फेस काठावरून ओघळला. काका बघतच राहिले. इतकी वर्षं आपण ही ताकद दोन बादल्यांत अर्धी अर्धी वाया घालवत होतो, असं त्यांना वाटलं. आकडा तुटलेलाच राहिला.

त्या फेसाने काकांची कीर्ती फारच वाढवली. गोठ्यातली माणसं काम सोडून बघायला येत. काका व्हिनेगरची बाटली जरा उंचावरून ओतत, फेस चढला की सुरी त्यात बुडवत आणि म्हणत, आता एक जंतू शिल्लक नाही. कोणी विचारलं तर प्रमाणही सांगत. हळूहळू प्रत्येक गोठ्याच्या दारात पसरट घमेलं आलं, त्यात काकांचा फेस, आणि आत जाणाऱ्याने बूट बुडवून जायचं. दूध संकलन केंद्राच्या दारातही तेच. लेकीच्या दारात तर काकांनी स्वतःच्या हाताने घमेलं ठेवलं होतं. लेक बापाच्या वरची. तिच्या नऊ गाई आणि तीन वासरं होती. वासरं झाल्यापासून तिने पेंडवाल्याला, शेजारणीला, खुद्द सासूलाही आत येऊ दिलं नव्हतं. आत जायची मुभा फक्त बापाला होती. सासू रुसली तेव्हा ती म्हणाली होती की बाबांएवढं स्वच्छ कोणी असेल तर त्यालाही येऊ दे.

शुक्रवारी दुपारी जनावरांची डॉक्टर आली. तिशीची, कमी बोलणारी, केस रुमालात बांधलेली. तिने गोठ्यामागे ठिपकीला उघडलं आणि हृदय हातात घेऊन काका आणि लेकीला जवळ बोलावलं. लाल मांसावर फिकट, पांढुरके पट्टे उमटले होते, कोणीतरी खडूने रेघा ओढाव्यात तसे. लेकीने तोंडावर हात ठेवला. डॉक्टर म्हणाली की नमुना तपासायला पाठवते, पण तिला शंका नाही, ही लाळ्या-खुरकूत आहे. काका म्हणाले, तोंडात फोड नाही, खुरात फोड नाही, मग खुरकूत कशी? त्यांनी तो रोग स्वतः कधी पाहिला नव्हता, फक्त वाडवडिलांकडून ऐकला होता.

डॉक्टरने मग समजावून सांगितलं. मोठ्या जनावरात हा विषाणू तोंडात आणि खुरांच्या बेचक्यात फोड आणतो. कोवळ्या वासरात मात्र तो वाढत्या हृदयाच्या मांसात शिरतो. विषाणू म्हणजे स्वतः काही जिवंत किडा नव्हे, कवचात गुंडाळलेली एक चिठ्ठी. पेशीत शिरला की कवच गळून पडतं आणि पेशी ती चिठ्ठी वाचते, आपलं काम टाकून तिच्या नकला काढत सुटते, आणि शेवटी फुटते. त्या नकला शेजारच्या पेशींत जातात. हृदयाच्या इतक्या पेशी गेल्या की ते एका ठोक्याला थांबतं. वासराला कळतही नाही आणि तुम्हालाही. मोठ्या गाईंना लस दिलेली आहे, त्या थोडं लंगडतील, लाळ गाळतील, पण तरतील. वासरं लशीच्या वयाची नाहीत. उरलेली दोन वेगळ्या खोलीत ठेवा आणि दर वेळी हात धुऊनच त्यांना शिवा.

लेकीने विचारलं, "आला कुठून हा? मी तर कोणाला आतच येऊ दिलं नाही."

काकांना उत्तर लगेच सापडलं. टँकरवाला. संबंध गल्लीत तो एकटाच घमेल्यात बूट बुडवत नसे. त्याच्याकडे डेअरीने दिलेला सोड्याच्या पाण्याचा फवारा होता, टायरवर आणि बुटांवर तो तेवढाच मारी आणि काकांच्या फेसाला वळसा घालून जाई. संध्याकाळी संकलन केंद्राच्या पायरीवर उभं राहून काकांनी वीस माणसांसमोर त्याला धारेवर धरलं. लेकीचं वासरू गेलं होतं, जीभ सैल सुटली. सतरा दारं फिरतोस आणि पाय बुडवायला तुला लाज वाटते, असं ते बोलले. टँकरवाला म्हणाला की काका, मी नियमाप्रमाणे फवारा मारतो, दुसरं काही मला सांगितलेलं नाही. कोणी ऐकलं नाही. केंद्राने त्याला गल्लीत यायची बंदी केली, टँकर मोठ्या रस्त्यावर उभा करायचा आणि लोकांनी दुधाचे कॅन तिथवर वाहून न्यायचे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. फरक एवढाच की चोर कोण ते त्या क्षणी चोरालाही माहीत नव्हतं.

शनिवारी पहाटे दुसरं वासरू गेलं. तेही तसंच, आवाज न करता.

सकाळी डॉक्टर काकांच्या घरी आली. नमुन्याचं उत्तर तिला अपेक्षित होतं तेच आलं होतं. स्वयंपाकघरातल्या ओट्याशी बसून तिने वही उघडली आणि आठवडाभरात काका कुठे कुठे गेले ते विचारलं. काकांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून दिलं. ज्या दिवशी ज्या गोठ्यात काम, त्या तारखेवर ते लहानसं खूर काढत आणि खाली खूण लिहीत. सोमवारी दोन खुरं होती. सकाळी वीटभट्टीजवळचा मोठा गोठा, दुपारी लेक.

भट्टीवाल्याकडे काय काम होतं, असं तिने विचारलं. एक गाय अचानक लंगडायला लागली होती, काका म्हणाले. त्याला वाटलं खडा घुसला असेल. लाळही गाळत होती, पण ती उन्हाने असेल. खडा काही सापडला नाही. खुराच्या बेचक्यात कातडी पांढरी पडून फुगली होती, सुरीचं टोक लावलं तसं थोडं स्वच्छ पाणी आलं. ती जागा कापून साफ केली, गाईला आराम पडला. हे सांगताना काकांच्या आवाजात कामाचा जुना अभिमान होता. डॉक्टरचं पेन थांबलं होतं.

"काका," ती म्हणाली, "ते पाणी म्हणजेच रोग. त्या एका थेंबात ही सगळी गल्ली आजारी पडेल एवढा विषाणू असतो."

काकूंनी गॅस बंद केला. काका ठामपणे म्हणाले की असेल, पण तिथून निघण्याआधी मी सुरी धुतली, हात धुतले, बूट धुतले. भट्टीवाल्याला विचारा. चांगलं पाच मिनिटं धुतलं. कशाने, असं तिने विचारलं. काका उठले. हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणत त्यांनी बादली आणली, सोडा घातला, आणि सवयीने बाटली उंच धरून व्हिनेगर ओतलं. फेस वर चढला. इतक्या घालमेलीतही तो बघून त्यांना जरा धीर आला.

डॉक्टर हसली नाही, रागावलीही नाही. तिने पिशवीतून शाळेत असतो तसा लिटमसचा कागद काढला. एका वाटीत नुसतं सोड्याचं पाणी घेतलं, तांबडा कागद निळा झाला. दुसऱ्या वाटीत व्हिनेगर, निळा कागद तांबडा झाला. मग तिने दोन्ही रंगांचे नवे कागद बादलीत बुडवून वर काढले. तांबडा तांबडाच होता. निळा निळाच होता. काकांनी ते तिच्या हातातून घेतले, उजेडाला धरले, पुन्हा बुडवले. पुन्हा तेच.

तिने सावकाश समजावलं. या विषाणूचं कवच मोठं नाजूक असतं. आंबट पाण्यात ते सुटून पडतं, सोड्याच्या खारट पाण्यातही सुटून पडतं. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी दोन बादल्या सांगितल्या. पण सोडा आणि व्हिनेगर एकत्र आले की एकमेकांनाच संपवतात. तो फेस म्हणजे त्यांचं भांडण, आणि भांडण मिटल्यावर जे उरतं ते ना आंबट ना खारट. दोघांचं भांडण आणि तिसऱ्याचा लाभ. तशा मिळमिळीत पाण्यात हा विषाणू सुखाने राहतो. भट्टीवाल्याच्या गोठ्यातून तुम्ही तो सुरीवर नेलात, बोटांवर नेलात.

"मग तीन वर्षं काहीच कसं झालं नाही?" काकांनी विचारलं.

"रोग आलाच नव्हता," ती म्हणाली.

काका खाली बसले. तीन वर्षं लोकांनी ज्या बादलीला हात जोडायचे बाकी ठेवले होते, ती त्यांच्यासमोर शांत होत चालली होती. फेस विरला की ते नुसतं गढूळ पाणी दिसतं, हे त्यांनी आजवर थांबून कधी पाहिलंच नव्हतं. सोमवारची दुपार त्यांना आठवली. लेकीच्या दोन गाईंची खुरं झाल्यावर त्यांनी बादलीत हात कोपरापर्यंत धुतले होते. मग नेहमीप्रमाणे ठिपकीसमोर उकिडवं बसून तिच्या तोंडात दोन बोटं दिली होती. तिला ती चोखायला आवडत. लेक बाजूला उभी राहून म्हणाली होती की आजोबांचा लाड बघा. डॉक्टरला त्यांनी हे सांगितलं नाही.

पुढचा तास त्यांनी डॉक्टरमागून फिरण्यात घालवला. एकेक दार, एकेक घमेलं, दोन दोन कागद. कुठेही रंग बदलला नाही. लोक बाहेर येत, काय झालं विचारत, आणि काका स्वतः सांगत की हे ओतून द्या, नुसता सोडा घ्या, माझं चुकलं. माणसं आधी डॉक्टरकडे बघत, मग काकांकडे. एका म्हातारीने त्यांना उलट समजावलं की अहो, असं कसं, फेस येतो ना. त्यांनीच शिकवलेलं वाक्य त्यांना परत मिळालं. चार गोठ्यांत गाई पाय उचलून धरत होत्या.

लेकीचं दार आलं तेव्हा काका थांबले. डॉक्टरला म्हणाले की इथलं मी सांगतो. तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली की ठीक आहे, पण आत्ता लगेच. ती पुढच्या गोठ्याकडे वळली. काकांनी दाराच्या कडीला हात घातला, काढला, आणि मोठ्या रस्त्याकडे चालू लागले.

टँकरवाला झाडाखाली कॅन रिकामे करत होता. काकांनी त्याच्यासमोर उभं राहून सगळं सांगितलं. तिथे कॅन घेऊन आलेली पाचसहा माणसं होती, त्यांच्यादेखत सांगितलं. आख्ख्या गल्लीत बरोबर वागणारा तू एकटा होतास, असं म्हणून त्यांनी हात जोडले. टँकरवाल्याने ते हात धरून खाली केले. थट्टा करायची संधी होती, पण त्याने टापटीपराव हा शब्द काढला नाही. त्याने कॅनवर बसायला जागा करून दिली, पाणी दिलं. काका बसले. केंद्राच्या साहेबांना बोलावून बंदी उठवून घेतली. मग आणखी थोडं बसले. परक्याची माफी मागणं सोपं असतं, म्हणून ते आधी उरकून घेतलं होतं. असा दीड तास गेला.

लेक दारातच भेटली. रात्रभर झोपलेली नव्हती, डोळे सुजले होते, पण आवाजात थोडी आशा होती. तिसरं वासरू मागच्या खोलीत वेगळं ठेवलंय, ती म्हणाली, सकाळी अर्धा लिटर प्यायलं. "आत या ना, बाबा. तुम्ही एकदा बघा त्याला."

काका उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. त्यांनी भट्टीवाल्याची लंगडी गाय सांगितली, ते स्वच्छ पाणी सांगितलं, बादली सांगितली, न बदललेले कागद सांगितले. तुटलेला आकडासुद्धा सांगितला. लेक ऐकत होती, पण मध्येच मान हलवत होती. तिला ते आत घ्यायचंच नव्हतं.

"पण तुम्ही तर हात धुऊनच बोटं दिली होतीत तिला," ती म्हणाली. "मी पाहिलं होतं."

"त्याच बादलीत धुतले होते, बाळ."

तिने बापाच्या हातांकडे पाहिलं. मग तिची नजर दारातल्या घमेल्याकडे गेली. त्यात ताजा फेस होता, नुकताच केलेला, काठावर अजून बुडबुडे फुटत होते.

"डॉक्टर म्हणाल्या होत्या हात धुऊनच शिवा," ती हळू म्हणाली. "कालपासून मी दर वेळी ह्यातच धुतेय. आत्ता दूध पाजायच्या आधीसुद्धा."

काकांनी तिच्या मनगटांकडे पाहिलं. कातडी पाण्याने पांढरी पडली होती, इतक्या वेळा धुतलं होतं तिने. मागच्या खोलीतून वासरू हंबरलं. अजून भूक होती त्याला. ते दोनदा, तीनदा हंबरलं. बाप आणि लेक दारात समोरासमोर उभे होते, आणि दोघांपैकी कोणाचेच हात त्याला लावण्यासारखे नव्हते.